वसतिगृहात जाणाऱ्या मुलांचं सामान: आधी फोन, मग कागदपत्रं, शेवटी बॅग

पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात मी अकरा वर्षं रेक्टर होते. प्रवेशाच्या दिवसांत फाटकाशी दरवर्षी तेच चित्र असायचं. नांदेड, जळगाव, चंद्रपूरकडून रात्रभर प्रवास करून आलेली गाडी थांबायची. टपावरून गादी उतरायची, मागोमाग लोखंडी पेटी, फुगलेल्या दोन बॅगा, बादलीत कोंबलेली भांडी. इकडे ऑफिसच्या खिडकीशी वडील फाइल उलटीपालटी करत असायचे, कारण स्थानिक पालकांच्या सहीचा फॉर्म भरायचाच राहिलेला. तासाभराने कळायचं की पेटी कॉटखाली जात नाही, गादी कॉटच्या बाहेर लोंबते आणि मुद्दाम नवी घेतलेली इस्त्री खोलीत चालत नाही.

ही माणसं निष्काळजी नसतात. महिनाभर पोटाला चिमटा काढून त्यांनी तयारी केलेली असते. चुकतो तो क्रम. खरेदी आधी होते, चौकशी नंतर आणि कागदपत्रं निघायच्या आदल्या रात्री. दुसरी चूक म्हणजे सगळं सामान आई भरते. मग पहिल्याच रात्री दहा वाजता फोन येतो, "आई, चार्जर कुठे ठेवलास?"

बारावीनंतर पहिल्यांदाच घर सोडून कॉलेजच्या वसतिगृहात निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, क्रम मात्र कुठेही हाच ठेवा. हाताशी दहा दिवस असतील तर सगळं निवांत होतं. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळून तीनच दिवस उरले असतील, तर टप्पा १, २, ३ आणि ९ तेवढे नीट करा. बाकीचं तिकडे गेल्यावरही जमवता येतं.

टप्पा १: खरेदीच्या आधी वसतिगृहाला फोन

वही-पेन घेऊन बसा आणि हे विचारा. फोन शक्यतो मुलीने किंवा मुलानेच करावा. पुढची चार वर्षं ऑफिसशी त्यांनाच बोलायचं आहे.

- कॉटची लांबी-रुंदी किती? गादी वसतिगृहाची की आपली?
- कॉटखाली किती उंच पेटी किंवा बॅग जाते?
- कपाट आहे का? त्याला कुलूप आपलं लावायचं का?
- एका खोलीत किती जण आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती प्लग?
- विजेच्या कोणत्या वस्तूंना बंदी आहे?
- गरम पाणी किती ते किती? ते बादलीने आणायचं का?
- कपडे धुण्याची सोय काय? पावसात वाळत कुठे घालतात?
- मेसमध्ये ताट-वाटी आपली न्यायची का? आठवड्यातून कुठल्या वेळी मेस बंद असते?
- पहिल्या दिवशी ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?
- कोणते कागद मूळ हवेत, झेरॉक्स किती, फोटो किती?
- सामान कितव्या मजल्यावर न्यायचं आणि पालकांना खोलीपर्यंत सोडतात का?

नियम ऑफिस सांगतं. खोलीत ओल कुठे येते, नळाला पाणी किती वाजता जातं, कोणत्या मजल्यावर उंदीर फिरतात, हे फक्त तिथे राहणाऱ्या मुली सांगतात. म्हणून दुसऱ्या वर्षातल्या एखादीशी बोलणं करून द्या, अशी रेक्टरना विनंती करा. मी दर वर्षी दोन-तीन मुलींना विचारून त्यांच्याशी नव्या मुलींची गाठ घालून द्यायची. दहा मिनिटांच्या त्या बोलण्याने निम्मी खरेदी वाचायची.

मापं कळली की घरच्या फरशीवर खडूने कॉटच्या मापाचा चौकोन आखा. साधारण सहा फूट बाय तीन फूट. शेजारी कपाटाएवढा दुसरा. जे न्यायचं आहे ते या दोन चौकोनांत मांडून बघा. मुलीला तिथे झोपायचंही आहे आणि अभ्यासही करायचा आहे. एवढ्याशा जागेत काय मावतं ते सांगून कळत नाही, मांडल्यावर लगेच दिसतं.

तपासा: वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून झाल्याशिवाय बाजारात जाऊ नका.

टप्पा २: कागदपत्रांची फाइल

सामानातलं काही राहिलं तर पुण्यात मिळतं. कागद राहिला तर कुणीतरी परत गावी जातं. त्यामुळे कपड्यांच्या आधी ही फाइल पूर्ण करायची.

मूळ कागदांची एक फाइल, झेरॉक्सचे तीन संच आणि प्रत्येक कागदाचा स्वच्छ स्कॅन मोबाइलमध्ये, असं तीन ठिकाणी ठेवा. स्कॅन आई-वडिलांच्या फोनमध्येही असू द्या. फाइलमध्ये हे हवं:

- प्रवेश मिळाल्याचं पत्र आणि कॉलेजच्या फीची पावती
- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, सीईटी किंवा जेईईचं गुणपत्रक
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला
- लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र, म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र
- मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार कार्ड
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, त्यावर रक्तगट
- स्थानिक पालकांचा फोटो, आधारची झेरॉक्स आणि त्यांची सही
- पासपोर्ट आकाराचे बारा फोटो, सगळे एकाच दिवशी काढलेले

स्थानिक पालक म्हणजे त्या शहरातली अशी माणसं, ज्यांच्या नावावर वसतिगृह मुलीला रात्री बाहेर राहू देतं आणि अडीनडीला ज्यांना फोन करतं. "मामा आहेत की पुण्यात," एवढ्यावर हे भागत नाही. मामांना आठवडाभर आधी कळवा, सही घ्या, आणि रात्री दोन वाजता फोन आला तर ते उचलतील ना, हे मोकळेपणाने विचारा. जमणार नसेल तर दुसरं नाव शोधा. नुसतं नाव घालून ठेवलेले स्थानिक पालक मी खूप पाहिले. मुलगी तापाने फणफणलेली असताना फोन बंद लागला की त्या नावाचा काही उपयोग नसतो.

रॅगिंगविरोधी हमीपत्रही आत्ताच भरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार ते विद्यार्थ्याने आणि पालकाने दोघांनी द्यायचं असतं. ऑनलाइन भरून त्याची प्रत फाइलमध्ये लावा. रॅगिंगच्या तक्रारीसाठीचा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तो मुलीच्या फोनमध्ये आत्ताच साठवा. लागेल तेव्हा शोधत बसायची वेळ नको.

सावध: शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात मूळच जमा होतो. त्याआधी त्याच्या निदान पाच झेरॉक्स आणि स्कॅन काढा. आमच्याकडच्या एका मुलीने तो तसाच देऊन टाकला. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी प्रत हवी झाली तेव्हा ती सलग तीन आठवडे ऑफिसच्या खिडकीत उभी राहायची. बाकीची मूळ प्रमाणपत्रं मात्र तपासून लगेच परत द्यावीत, असं आयोगाने २०१८ मध्ये संस्थांना बजावलेलं आहे. कुणी ठेवून घेऊ लागलं तर नम्रपणे परत मागा. काही कारणाने द्यावीच लागली, तर कागदांची नावं लिहिलेली पोच घ्या.

सावध: नॉन-क्रिमिलेअर कोणत्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत आहे ते वाचा. दाखला आहे, पण मुदत संपलेली, हे खिडकीशी गेल्यावर कळतं.

फाइल कायम हातात किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये असू द्या. टपावर, डिकीत किंवा बसच्या पोटात टाकू नका. आत प्लास्टिकची पिशवी हवीच. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही गाडीतून उतराल तेव्हा पाऊस असणार, असंच धरून चाला.

टप्पा ३: मोबाइल नंबर, आधार, बँक

हा टप्पा बहुतेक जण विसरतात आणि त्याचा त्रास वर्षभर होतो. मुलाच्या आधारला, बँक खात्याला आणि प्रवेशाच्या अर्जाला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. मूल पुण्यात, ओटीपी लातूरला. वडील शेतात किंवा दुकानात, फोन घरी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अशी अनेक मुलं माझ्या टेबलाशेजारी तासन्तास बसलेली असायची.

निघण्यापूर्वी एवढं करून घ्या:

१. आधार केंद्रावर जाऊन मुलाच्या स्वतःजवळ राहणारा नंबर त्याच्या आधारला जोडा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करायची असते. ती राहिली असेल तर याच फेरीत उरका.

२. मुलाच्या नावाचं बँक खातं सुरू आहे ना ते बघा. ते लहानपणी अज्ञान म्हणून उघडलेलं असेल, तर अठरा पूर्ण होताच बँकेत जाऊन नव्याने सही आणि केवायसी द्यावी लागते. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. जोडणी झाली का, हे बँकेत विचारून खात्री करा.

३. एटीएम कार्ड एकदा गावच्या मशीनमध्ये वापरून बघा. पिन मुलालाच टाकू द्या.

४. सुरुवातीच्या दिवसांसाठी दोन हजार रुपये रोख द्या, शंभर आणि पन्नासच्या नोटांत. निम्मे पाकिटात आणि निम्मे बॅगेत वेगळे ठेवा. फोनची बॅटरी संपली की यूपीआयही संपतं.

वसतिगृहाच्या फीची आणि अनामत रकमेची पावती प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून जपा. अनामत परत घेताना, तीन-चार वर्षांनी, तीच मागतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजनेचा अर्ज करणार असाल, तर वसतिगृहात राहत असल्याचा पुरावाही लागतो.

टप्पा ४: तीन ढीग

आता सामान. जमिनीवर तीन ढीग करायचे.

पहिला, आत्ता सोबत न्यायचं. यात कागदपत्रं, औषधं, चष्मा, कपडे, अंथरायची-पांघरायची चादर, कुलपं, लॅपटॉप असेल तर तो, आणि पहिल्या तीन दिवसांच्या लहानसहान गोष्टी.

दुसरा, तिकडे विकत घ्यायचं. बादली, मग, झाडू, पायपुसणं, हँगर, कपड्यांचे चिमटे, गादी, वह्या. पुण्यात असाल तर भांडी-बादल्यांसाठी तुळशीबाग आणि वह्या-पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. बहुतेक मोठ्या वसतिगृहांच्या आसपासही हे मिळतं. वीस-पंचवीस रुपये जास्त जातील, पण बादली घेऊन रात्रभर प्रवास करण्यापेक्षा ते बरं. हा ढीग प्रत्यक्ष मांडायचा नाही, कागदावर लिहायचा.

तिसरा, नंतर न्यायचं. स्वेटर, जाड पांघरूण, सणाचे कपडे, जास्तीची पुस्तकं. प्रवेश झाल्यावर महिना-दीड महिन्यात गणपती येतात, मग दिवाळी. मुलं घरी येतातच. खऱ्या गरजा त्या पहिल्या फेरीतच कळतात. पुण्यात थंडी दिवाळीनंतर पडते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच बोचते. ऑगस्टमध्ये रजई नेली तर तीन महिने ती नुसती ओल धरून बसते.

पालकांना दुसऱ्या ढिगाची भीती वाटते. "ऐनवेळी मिळालं नाही तर?" मिळतं. तिसऱ्या ढिगाबद्दल मात्र आयांच्या मनात वेगळंच असतं. सगळं दिलं की लेकरू सुखात राहील, असं वाटतं. माझा मुलगा बाहेरगावी शिकायला निघाला तेव्हा मीही त्याला सहा चादरी दिल्या होत्या. इतरांना इतकी वर्षं सांगूनही. त्याने त्यातल्या चार दिवाळीत परत आणल्या, घडीही न मोडलेल्या आणि कुबट वास येणाऱ्या.

टप्पा ५: कपडे, पावसाच्या हिशोबाने

नेहमीचा हिशोब असा की आठवड्यातून एकदा धुणं, म्हणून सात दिवसांचे कपडे. पावसाळ्यात हा हिशोब चुकतो. भरल्या खोलीत, पंख्याखाली, दोरीवर जीन्स वाळायला तीन दिवस लागतात. तेव्हा धुण्याच्या दोन फेऱ्यांमधले दिवस मोजा आणि त्यात वाळण्याचे तीन मिळवा. आतले कपडे तेवढे हवेत, म्हणजे साधारण दहा ते बारा जोड. बाहेरचे त्याहून कमी पुरतात: सहा-सात कुर्ते किंवा टी-शर्ट, तीन-चार पँट किंवा सलवारी, दोन जोड घरात घालायचे, एक बरा जोड कार्यक्रमासाठी.

जीन्स एकच द्या. पातळ कॉटन किंवा लवकर वाळणारं मिश्र कापड घ्या. जाड टर्किश टॉवेलऐवजी दोन पंचे द्या. पंचा एका रात्रीत वाळतो. टॉवेल तसाच ओला राहतो आणि मग जांघेत, काखेत खाज सुटते. नायटा घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्या मुली मी दर सप्टेंबरात पाहिल्या. बहुतेकींचं कारण एकच, ओलसर कपडे तसेच अंगावर चढवणं. मुलांच्या वसतिगृहात तर हे जास्तच.

चपलांचे दोन जोड पावसाळी आणि एक बुटांचा. चामड्याचे बूट नकोत, कपाटात पंधरा दिवसांत बुरशी धरतात. छत्री आणि रेनकोट दोन्ही द्या. छत्री कॉलेजात विसरते.

दहा मीटर नायलॉनची दोरी मात्र घरूनच द्या. खोलीत पोहोचलं की पहिली गरज तिची लागते आणि बाजार नेमका तेव्हा लांब असतो.

तपासा: नवा कपडा घरी एकदा धुऊन बघा. वसतिगृहाच्या बादलीत पहिल्याच धुण्याला लाल ओढणीने बाकी सगळं गुलाबी केलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यातला पांढरा एप्रन दुसऱ्याच दिवशी प्रॅक्टिकलला लागणार होता.

टप्पा ६: अंथरूण, आंघोळ, कुलूप

गादी तिकडेच, कॉट मोजून घ्या. घरूनच न्यायची असेल तर कापसाची नको. पावसात ओल धरते आणि चौथ्या मजल्यावरून उन्हात नेणं एकटीला होत नाही. दोन बेडशीट, दोन उशांचे अभ्रे, एक उशी. पांघरायला सोलापुरी चादर छान असते, पण धुतली की पावसात लवकर वाळत नाही. म्हणून जोडीला एक पातळ सुती चादर हवी. मच्छरदाणी न्यायची तर ती बांधायला कॉटला दांडे आहेत का ते विचारा. नसतील तर घडीची, स्वतः उभी राहणारी घ्या.

आंघोळीचं सगळं एका जाळीच्या टोपलीत ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. सार्वजनिक न्हाणीघरात रबरी चप्पल घालूनच जायचं, हे सांगून ठेवा. मुलींनी दोन महिन्यांचे पॅड, जुने वर्तमानपत्र किंवा कागदी पिशव्या आणि गरम पाण्याची रबरी पिशवी न्यावी. विजेवर तापणारी पिशवी बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

कुलपाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त धावपळ यावरून होते. लोक घरचं भलं दणकट पितळी कुलूप आणतात आणि त्याचा दांडा कपाटाच्या कडीच्या भोकात जातच नाही. लोखंडी कपाटांची भोकं लहान असतात. तेव्हा दोन कुलपं घ्या, एक मध्यम आणि एक लहान. प्रत्येकाला निदान तीन किल्ल्या हव्यात. एक मुलीच्या गळ्यात किंवा सॅकच्या आतल्या कप्प्यात, दुसरी खोलीतल्या विश्वासाच्या मैत्रिणीकडे किंवा स्थानिक पालकांकडे, तिसरी तुमच्याकडे घरी. आकड्यांचं कुलूप घेतलं तर आकडा जन्मतारीख ठेवू नका, खोलीतल्या सगळ्यांना ती माहीत असते. दर वर्षी मला सुतार बोलावून आठ-दहा कुलपं कापावी लागायची. त्यातली बहुतेक अशी, ज्यांच्या सगळ्या किल्ल्या एकाच कडीत आणि ती कडी कपाटाच्या आत.

टप्पा ७: अभ्यासाचं आणि विजेचं

इथे थांबायला शिका. कॉलेज सुरू होण्याआधी अभ्यासाचं फार काही घेऊ नका. अभियांत्रिकीला ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, वर्कशॉपचा पोशाख लागतो. फार्मसीला आणि प्रयोगशाळेच्या विषयांना एप्रन लागतो. रंग, लांबी, मॉडेल कॉलेज ठरवतं. वरच्या वर्गातली मुलं ड्राफ्टर अर्ध्या किमतीला देतात, आणि तो चांगला चालतो. कॅल्क्युलेटर कोणता चालेल हे परीक्षेच्या नियमात असतं, ते वाचूनच घ्या. लॅपटॉपची घाई नको. पहिल्या सहामाहीत काय लागतं ते शिक्षक सांगतील. असलेला नेत असाल तर त्याच्या बिलाचा आणि मागच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर पोलिस पहिल्यांदा तोच विचारतात.

विजेचं एवढंच: तीन मीटर वायरचा, स्वतःचं बटण आणि फ्यूज असलेला चांगल्या कंपनीचा एक्स्टेन्शन बोर्ड, छोटा टेबललॅम्प, टॉर्च, आणि जास्तीची चार्जिंग केबल. हीटर, शेगडी, किटली, इस्त्री यांना बंदी असेल तर लपवून नेऊ नका. पाणी तापवायच्या कॉइलने बादली वितळून खोलीभर धूर झालेली रात्र मी विसरलेले नाही. चार मुली एका प्लगवर चार गोष्टी लावतात आणि जुन्या इमारतीच्या वायरी ते सोसत नाहीत. बंदी कशासाठी आहे, हे मुलांना एकदा नीट समजावून सांगा.

टप्पा ८: औषधं आणि खाऊ

औषधांचा एक डबा करा. त्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, पट्ट्या, जंतुनाशक मलम, सर्दीची वाफ घ्यायची कॅप्सूल, डासांचं मलम. नेहमीची औषधं असतील तर दोन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद. दम्याचा पंप, कसली अॅलर्जी, फिट्स, असं काही असेल तर ते रेक्टरला पहिल्याच दिवशी सांगा. लाजून लपवलेल्या आजाराने रात्री-बेरात्री फार घाबरवलं आहे, मुलीलाही आणि आम्हालाही.

सावध: पावसाळ्यात ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्यायची. आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर. ओआरएसचं लहान पाकीट २०० मिली पाण्यात आणि मोठं एक लिटरमध्ये विरघळवायचं. पाकिटावर लिहिलेलं असतं, पण कुणी वाचत नाही.

खाऊ थोडा आणि टिकणारा. शेंगदाण्याची कोरडी चटणी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, मेतकूट, लहान बरणीत तूप. मेसची भाजी नकोशी झाली की गरम भात, तूप आणि मेतकूट यावर पोट भरतं आणि घर आठवून डोळेही भरून येतात. म्हणून ते द्याच. लाडू कोरडे, पंधरा दिवसांत संपतील एवढेच. चिवड्यात खोबऱ्याचे काप घालू नका. पावसाळी हवेत ते आठवड्यात खवट होतात आणि सगळा डबा टाकावा लागतो. चकल्या मऊ पडतात. ओला ठेचा, पुरणपोळी, ओल्या नारळाच्या वड्या पहिल्या दोन दिवसांपुरत्याच. डबे स्टीलचे आणि घट्ट झाकणाचे. प्लास्टिकच्या पिशव्या उंदीर कुरतडतात.

आणि खोलीत नव्याने भेटणाऱ्या मुलींपुरता एक वेगळा डबा द्या. ओळख व्हायला त्याच्यासारखं काही नाही.

टप्पा ९: भरायचं मुलाने, बघायचं पालकांनी

निघायच्या दोन दिवस आधी भरायला घ्या, आदल्या रात्री नाही. बॅगा दोनच, अधिक पाठीवरची सॅक. पेटी न्यायचीच असेल तर कॉटखालच्या उंचीत बसणारी. रेल्वेने स्लीपर किंवा थ्री टायर एसीने जात असाल तर माणशी ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं. पण खरी अट वेगळी आहे. मुलाला दोन्ही बॅगा एकट्याने एक जिना चढवता आल्या पाहिजेत. घरच्या जिन्यावर करून बघा.

१. पहिली बॅग: तळाला बुटांची पिशवी आणि अंथरूण, मध्ये रोजचे कपडे, सगळ्यात वर दोरी, कुलपं, एक बेडशीट, पंचा, साबण, रात्रीचे कपडे. खोलीत शिरताच याच गोष्टी लागतात.

२. दुसरी बॅग: खाऊचे डबे, औषधांचा डबा, अभ्यासाचं. तेल आणि शांपूच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत, झाकणाला चिकटपट्टी लावून.

३. पाठीवरची सॅक: फाइल, फोन, चार्जर, पैसे, पाण्याची बाटली, एक दिवसाचे कपडे, नेहमीची औषधं. मोठ्या बॅगा चुकल्या तरी सॅकवर दोन दिवस निघाले पाहिजेत.

प्रत्येक वस्तू मुलाच्या हातून आत जाऊ द्या. आईने शेजारी बसावं, यादीवर खूण करावी, पण हात लावू नये. हे कठीण असतं, मला ठाऊक आहे. पण स्वतः ठेवलेलं असलं की रात्री अंधारातही सापडतं. बॅगांवर आत आणि बाहेर नाव, वसतिगृहाचं नाव आणि फोन नंबर लिहा. झिप लावण्याआधी उघड्या बॅगेचा फोटो काढा.

सावध: दागिने देऊ नका. कानातलं साधं, बाकी सगळं घरी.

टप्पा १०: पोहोचल्यावरचे पहिले दोन तास

शक्यतो सकाळी पोहोचा. आधी ऑफिस, मग खोली. सामान खाली एका जागी ठेवून कुणीतरी तिथेच थांबा.

खोली ताब्यात आली की बॅग उघडण्याआधी फोनने फोटो काढा: भिंतीवरची ओल, तुटकी खिडकी, कपाटाचं निघालेलं बिजागर, बंद प्लग. ते रेक्टरला दाखवून नोंदवहीत लिहून घ्या. वर्षअखेरीस मोडतोडीचे पैसे कापायची वेळ आली की ही नोंद कामी येते. मग पंखा, दिवा, नळ चालू करून बघा. कपाट पुसून कोरडं करा, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाका, त्यानंतरच कपडे ठेवा.

आता दुसऱ्या ढिगाचा कागद काढा आणि मुलाला घेऊन बाजारात जा. बादली, मग, झाडू, गादी. खिशातला पैसा त्याला देऊ द्या, भाव त्याला करू द्या. परतताना जवळचं औषधाचं दुकान, दवाखाना, झेरॉक्सवाला आणि बसचा थांबा पायी चालत दाखवा.

खोलीतल्या इतर मुलींच्या पालकांशी बोला, एकमेकांचे नंबर घ्या. मुलीचा फोन लागला नाही तर तुम्हाला आधी त्यांनाच विचारता येतं.

आणि रिकाम्या झालेल्या दोन बॅगांपैकी मोठी बॅग परत घेऊन जा. तिला तिथे जागा नसते. कॉटखाली ती वर्षभर धूळ खाते आणि झाडू मागेपर्यंत पोहोचत नाही. गणपतीला मूल घरी येईल ते लहान बॅग घेऊन, तिच्यात धुवायचे कपडे आणि नको झालेल्या वस्तू भरून. त्या वस्तू आल्या की तिसऱ्या ढिगाची यादी पुन्हा एकदा त्याच्याकडूनच लिहून घ्या.